खोली लहान होत जाते : सिडनी ल्युमेट, बारा माणसं आणि एक टेबल

'१२ अँग्री मेन'मध्ये ली जे. कॉब हा नट टेबलापलीकडून हेन्री फोंडा या नटावर ओरडतो. फोंडा त्याच्याकडे बघतो आणि आवाज न चढवता उत्तर देतो. पडद्यावर या दोन शॉटमध्ये पापणी लवण्याइतकंही अंतर नाही. प्रत्यक्ष चित्रीकरणात ते अंतर सात-आठ दिवसांचं होतं. म्हणजे एकाचा राग आठवडाभर शिळा झाल्यावर दुसऱ्याने त्याला तोंड दिलं, आणि तरी पडद्यावर तो राग ताजा आहे.

'१२ अँग्री मेन' या १९५७ सालच्या चित्रपटाबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक वेळा कथेबद्दल. एकटा माणूस अकरा जणांचं मत कसं फिरवतो, पूर्वग्रह कसे गळून पडतात, वगैरे. व्यवस्थापनाच्या कार्यशाळांमध्ये तर हा सिनेमा 'नेतृत्व' शिकवायला इतक्यांदा वापरला गेलाय की तो सिनेमा आहे हेच लोक विसरलेत. मला इथे दुसरंच प्रकरण मांडायचंय. पहिलाच चित्रपट करणाऱ्या एका दिग्दर्शकाला एक खोली, बारा नट, तुटपुंजे पैसे आणि जेमतेम तीन आठवडे मिळाले. त्या अडचणीचं त्याने काय केलं, आणि जे केलं ते प्रेक्षकाला दिसू का दिलं नाही, हे ते प्रकरण.

माणूस कुठून आला

सिडनी ल्युमेटचा जन्म १९२४ सालचा, फिलाडेल्फियातला. वाढला न्यूयॉर्कमध्ये. वडील बारूख ल्युमेट यिडिश रंगभूमीवरचे नट. पोरगा चार-पाच वर्षांचा असल्यापासून रंगमंचावर आणि रेडिओवर काम करायला लागला, पुढे ब्रॉडवेवरही बालनट म्हणून झळकला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झाला आणि रडार दुरुस्त करणारा तंत्रज्ञ म्हणून भारत-ब्रह्मदेश आघाडीवर राहून आला. परतल्यावर नटांना घेऊन नाटकं बसवायला लागला.

१९५०च्या सुमारास तो सीबीएस दूरचित्रवाणीत शिरला. 'डेंजर' नावाच्या मालिकेचा दिग्दर्शक होता युल ब्रिनर, तोच टक्कल असलेला नट. ल्युमेट त्याचा सहायक. ब्रिनर 'द किंग अँड आय' या संगीतिकेसाठी ब्रॉडवेवर गेला आणि मालिका ल्युमेटच्या हाती आली.

त्या काळातलं दूरचित्रवाणी नाटक म्हणजे थेट प्रक्षेपण. नट स्टुडिओत अभिनय करतायत आणि त्याच क्षणी देशभर लोक घरात बघतायत. चूक झाली तर झाली, पुन्हा घेणं नाही. तीन-चार कॅमेरे स्टुडिओत फिरणार, प्रत्येकावर फिरत्या चकतीत तीन-चार लेन्स बसवलेल्या, आणि दिग्दर्शक नियंत्रण कक्षातून कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा, कुठली लेन्स ते सांगणार. नाटकाची तालीम आणि कारखान्याचं वेळापत्रक यांचा हा संकर होता. ल्युमेटने असे कार्यक्रम आठवड्यामागून आठवडे केले. लेन्सचा आकडा ऐकला की चित्र कसं दिसणार हे त्याला डोळे मिटून कळत असणार, असं त्याचं पुढचं काम बघताना सतत वाटतं.

संहिता कुठून आली

रेजिनाल्ड रोझ हा दूरचित्रवाणीसाठी लिहिणारा लेखक. १९५४ साली त्याला न्यूयॉर्कच्या न्यायालयात ज्यूरीवर, म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळावर, बसायला लागलं, मनुष्यवधाच्या खटल्यात. बंद खोलीत बारा अनोळखी माणसं एकमेकांवर कशी तुटून पडतात ते त्याने तिथे पाहिलं. त्यातून तासाभराचं दूरचित्रवाणी नाटक उभं राहिलं आणि सप्टेंबर १९५४ मध्ये सीबीएसच्या 'स्टुडिओ वन' या मालिकेत थेट सादर झालं. ते ल्युमेटने केलं नव्हतं. दिग्दर्शक होता फ्रँकलिन शॅफनर.

फोंडाला यात सिनेमा दिसला. त्याने रोझबरोबर स्वतः निर्माता व्हायचं ठरवलं, पैसे युनायटेड आर्टिस्ट्सचे. एकूण खर्च साडेतीन लाख डॉलरच्या आत बसवायचा होता. हॉलिवूडच्या हिशेबात ही किरकोळ रक्कम. एवढ्यात काम उरकायचं तर नटांना सांभाळणारा आणि घड्याळाला घाबरणारा दिग्दर्शक हवा. ल्युमेटचं नाव त्याच्या कलेपेक्षा त्याच्या वेगामुळे पुढे आलं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पुढे आयुष्यभर त्याने ठरल्या तारखेच्या आत चित्रपट संपवले, आणि त्याच गुणामुळे समीक्षकांनी त्याला बराच काळ नुसता 'कुशल कारागीर' म्हणून बाजूला ठेवलं.

कथा थोडक्यात. न्यूयॉर्कमधला गरीब वस्तीतला अठरा वर्षांचा मुलगा. बापाला सुरीने भोसकून मारल्याचा आरोप. दोषी ठरला तर विजेची खुर्ची. ज्यूरीचे बारा पुरुष खोलीत येतात, बाहेरून कुलूप लागतं, पहिल्या मतदानात अकरा जण दोषी म्हणतात आणि आठव्या क्रमांकाचा सदस्य, म्हणजे फोंडा, नाही म्हणतो. त्याला मुलगा निर्दोष आहे असंही वाटत नाही. त्याला फक्त बोलायचंय.

इथे मराठी वाचकासाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ज्यूरी हा प्रकार आपल्या अंगवळणी नाही. या गोष्टीचा सगळा डोलारा एका नियमावर उभा आहे : बाराच्या बारा जणांचं एकमत व्हायला हवं. मुंबईत ज्यूरी होती तेव्हा हा नियम नव्हता. १९५९ च्या नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' कौल दिला होता, आणि तो न पटल्यामुळे सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. त्या एकट्या नवव्या माणसाचं कुणी ऐकून घ्यायची गरज कायद्याला वाटली नाही. आपल्या जुन्या नियमाने हा चित्रपट पहिल्या मतदानालाच संपला असता. गंमत म्हणजे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर आपल्या फौजदारी न्यायालयांत ज्यूरी उरलीच नाही, तरी १९८६ साली बासू चॅटर्जींनी 'एक रुका हुआ फैसला'मध्ये हीच बारा माणसं हिंदीत बोलती केली, आणि ज्यूरी कुठून आली असं कुणी विचारलं नाही. पंकज कपूर समोर तडफडत असताना ते सुचतही नाही.

अडचण

खोली एक, माणसं बारा, मधे लांब टेबल. शहाण्णव मिनिटांपैकी दोन-तीन मिनिटं सोडली तर सगळं तिथेच घडतं. सिनेमा करणाऱ्या कुणालाही पहिली भीती वाटणार ती कंटाळ्याची. मग सुटकेचे रस्ते सुचतात. खुनाची रात्र दाखवू. रुळांवरून धडधडत जाणारी गाडी दाखवू. समोरच्या इमारतीतली साक्षीदार बाई दाखवू. नाटकाचा सिनेमा करताना त्याला 'मोकळं करणं' हा निर्मात्यांचा आवडता उद्योग आहे, आणि या कथेत तर तशा जागा पावलोपावली आहेत.

ल्युमेटने यातलं काहीही केलं नाही. पुढे १९९५ साली त्याने आपल्या कामाबद्दल एक पुस्तक लिहिलं. चित्रपट कसा बनतो याबद्दल इतकं सरळ, पाल्हाळ नसलेलं पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही. त्यात तो सांगतो की एका खोलीत पूर्ण चित्रपट घ्यायचा ही आपल्याला कधी अडचण वाटलीच नाही. त्या माणसांना जे वाटत होतं, अडकल्याची भावना, तीच तर गोष्ट होती. खोलीतून पळायचं कशाला? खोलीच आवळत न्यायची.

लेन्सचा आराखडा

आवळायची म्हणजे काय? भिंती सरकवायच्या नाहीत. लेन्स बदलायची.

क्रिकेटचा सामना टीव्हीवर बघताना हे आपण रोज अनुभवतो. गोलंदाजामागच्या कॅमेऱ्यातून बघताना वाटतं, फलंदाज त्याच्या पुढ्यातच उभा आहे. हात लांब केला तर लागेल. मधे बावीस यार्ड असतात. लांब पल्ल्याच्या लेन्समधून पुढची आणि मागची वस्तू एकमेकींना चिकटते, मधली हवा नाहीशी होते. उलट, कमी आकड्याच्या रुंद लेन्समधून छोटी खोलीसुद्धा प्रशस्त दिसते. घरं विकणाऱ्यांच्या जाहिरातींतले हॉल असेच काढलेले असतात.

ल्युमेटने चित्रपटभर हा बदल हळूहळू करत न्यायचं ठरवलं. सुरुवातीला २८ ते ४० मिलिमीटरच्या लेन्स, म्हणजे साधारण आपल्या नजरेला ओळखीचं वाटणारं चित्र. मग ५०. मग ७५. शेवटाकडे १००. पात्रं तीच, भिंती त्याच, पण प्रत्येक टप्प्यावर भिंत माणसाच्या मानेजवळ येत जाते.

त्याला जोड दिली कॅमेऱ्याच्या उंचीची. पहिला एक तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून. मधला तृतीयांश डोळ्यांच्या पातळीवर. शेवटचा तृतीयांश खालून. कॅमेरा खाली गेला की माणसाच्या डोक्यावर काय दिसतं? छत. म्हणजे शेवटाकडे भिंतींबरोबर छतही खाली यायला लागतं.

शेजारी तिसरी गोष्ट चालू होती, संकलनाची. पावणेचारशेहून जास्त वेगवेगळे सेट-अप, म्हणजे कॅमेऱ्याच्या आणि दिव्यांच्या मांडण्या, या चित्रपटात आहेत, आणि त्यातले निम्म्याहून अधिक शेवटच्या अर्ध्या तासासाठी ठेवलेले. आरंभी एकेक शॉट बसून बघावा इतका रेंगाळतो. माणसं खोलीत येतात तो शॉट तर कित्येक मिनिटं अखंड चालतो : कुणी खिडकी उघडतो, कुणी पंखा चालत नाही म्हणून कुरकुरतो, कुणी टोपी टांगतो, कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे निवांत सरकतो. अजून सगळ्यांना वाटतंय, पाच मिनिटांचं काम आहे, मग बेसबॉलचा सामना गाठू. शेवटी मात्र चेहऱ्यावर चेहरा आदळतो.

हे सगळं आधी कागदावर ठरलेलं होतं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. 'सुचलं तसं घेतलं' याला इथे जागाच नव्हती. ती का नव्हती, ते पुढे.

खुर्ची-खुर्चीने

कॅमेरामन होता बोरिस कॉफमन. पोलंडमधल्या ब्यालिस्तोकचा, सोव्हिएत माहितीपटकार झिगा व्हेर्तोवचा धाकटा भाऊ. फ्रान्समध्ये जाँ विगोचा 'लातालांत' त्याने चित्रित केला होता आणि 'ऑन द वॉटरफ्रंट'साठी ऑस्कर मिळवलं होतं. करड्या रंगाच्या किती छटा असतात हे याच्याकडून शिकावं. पण प्रकाशयोजनेला वेळ लागतो. खोलीच्या एका बाजूकडे बघणारा कॅमेरा वळवून उलट्या बाजूला लावायचा म्हणजे सगळे दिवे काढून नव्याने लावायचे. बारा माणसं एकमेकांशी बोलतायत, म्हणजे प्रत्येक संवादाला कॅमेरा वळवा. एकोणीस-वीस दिवसांत ते अशक्य.

म्हणून ल्युमेटने खुर्च्यांप्रमाणे काम केलं. एका खुर्चीवर प्रकाश लावला की त्या खुर्चीतल्या माणसाचं चित्रपटभरातलं सगळं त्या वेळीच घ्यायचं, आरंभाचं, मधलं, शेवटाजवळचं. मग पुढची खुर्ची. अर्थात एका फेरीत भागणार नव्हतं, कारण दिवस ढळतो, ढग येतात, पाऊस पडतो. मग तीन फेऱ्या. पहिली उन्हाच्या प्रकाशात. दुसरी ढग दाटून आल्यावरची. तिसरी छतावरचे दिवे लागल्यानंतरची. तीन वेळा टेबलाला प्रदक्षिणा, आणि खिडकीबाहेरचं न्यूयॉर्क म्हणजे मागे लावलेला पडदा.

आता सुरुवातीचं ते कॉब आणि फोंडाचं सात-आठ दिवसांचं अंतर उलगडतं. कॉबची पाठ एका भिंतीला, फोंडाची समोरच्या. त्या दोन भिंतींच्या पाळ्या आठवड्याच्या अंतराने आल्या.

हे वाचायला सोपं वाटतं. नटाच्या बाजूने विचार करून बघा. सकाळी दहा वाजता तुम्ही खोलीत नुकते आलेले, कोट घातलेला, थोडे कंटाळलेले. साडेदहाला, त्याच खुर्चीत, तुम्ही अर्धा चित्रपट भांडून झालाय. बाही दुमडलेली, पाठ घामाने भिजलेली, आवाज बसलेला. अकराला परत मागे. मधले तास तुम्ही जगलेलाच नाही. आणि दिग्दर्शकाने लक्षात ठेवायचं की गेल्या मंगळवारी समोरच्याने राग नेमका कुठल्या पट्टीत लावला होता.

यावरचा उपाय ल्युमेटने रंगभूमीवरून आणला : दोन आठवडे तालीम. चित्रीकरणाआधी पूर्ण, सलग, नाटकासारखी. त्या तालमींतून भावनांचा आलेख त्याच्या डोक्यात पक्का बसला, कुठे किती चढायचं, कुठे थांबायचं. आजही चित्रपटांत तालमीला वेळ देणं ही चैन समजतात. इथे ती काटकसर होती. तालीम नसती तर खुर्ची-खुर्चीची युक्ती फसली असती, आणि ती युक्ती नसती तर पैसे पुरले नसते.

नटांची निवडही या हिशेबात बसते. फोंडा सोडला तर त्या काळच्या सामान्य प्रेक्षकाला नावाने ठाऊक असावेत असे थोडेच. पण मार्टिन बाल्सम, जॅक क्लुगमन, जॅक वॉर्डन, ई. जी. मार्शल, एड बेगली हे सगळे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आणि थेट दूरचित्रवाणीवर मुरलेले. म्हातारा नववा सदस्य जोसेफ स्वीनी आणि स्थलांतरित घड्याळजी जॉर्ज व्होस्कोव्हेक तर १९५४ च्या प्रक्षेपणातूनच आलेले. अशा नटांना क्रम मोडून काम करायला सांगता येतं.

चित्रीकरण एकोणीस दिवसांत संपलं, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, आणि हजार डॉलर वाचवून.

एक घामाचा थेंब

आराखडा कागदावर कितीही चोख असला तरी नुसत्या आराखड्याने सिनेमा होत नाही. एक जागा सविस्तर बघू, कारण ल्युमेटची खरी ताकद मला तिथे दिसते.

चौथा सदस्य, ई. जी. मार्शल, शेअर दलाल. चष्मा, पूर्ण कोट, गळ्यापर्यंत टाय. सगळे घामाघूम, हा कोरडा. पाचवा सदस्य त्याला विचारतोही, तुम्हाला कधी घाम येत नाही का. नाही, येत नाही, असं तो सांगतो. मुलाविरुद्धचा त्याचा युक्तिवाद स्वच्छ आहे : खुनाच्या वेळी आपण सिनेमाला होतो असं मुलगा म्हणतो, पण पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याला सिनेमाचं नावही सांगता आलं नाही.

मग फोंडा त्यालाच विचारायला लागतो. काल रात्री काय केलंत? परवा? तेरवा? एकेक दिवस मागे. चौथा सदस्य सांगत जातो. सिनेमाला गेलो होतो. कुठल्या? नाव तो लगेच सांगतो. दुसरा सिनेमा? इथे नाव सांगताना तो किंचित चुकतो. काम कुणी केलं होतं? तो थांबतो. आणि आपल्याला त्याच्या कपाळावर घाम दिसतो. तो रुमाल काढून टिपतो.

इथे कुणी जिंकलं म्हणून आरोळी ठोकत नाही. संगीत नाही; तसंही या चित्रपटात संगीत अगदी मोजकं आहे. कॅमेरा फक्त पुरेसा जवळ आलेला आहे, इतका की घाम दिसावा. तासाभरापूर्वीच्या लेन्सने, तासाभरापूर्वीच्या उंचीवरून हाच घाम दिसला नसता, किंवा तो दाखवण्यासाठी कॅमेऱ्याला एकदम झडप घालावी लागली असती आणि मग 'बघा बघा' असं ओरडल्यासारखं झालं असतं. हळूहळू जवळ येण्याचा फायदा हा. नेमक्या क्षणी तुम्ही आधीच तिथे असता.

याउलट दहाव्या सदस्याचं विषारी भाषण. 'ही असली माणसं' म्हणून तो झोपडपट्टीतल्यांवर घसरतो, आणि एकेक जण टेबलावरून उठून त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. इथे ल्युमेट चेहऱ्यांत घुसत नाही. तो मागे राहतो, सगळी खोली दिसू देतो, आणि त्या खोलीत एक माणूस एकटा पडत जाताना आपण बघतो. आवळत नेण्याचा नियम त्याने स्वतःच केलेला, पण तो नियमाचा गुलाम नव्हता.

काय खटकतं

हा चित्रपट निर्दोष आहे असं मला वाटत नाही. फोंडाचं पात्र फार पांढरं आहे, अक्षरशः पांढऱ्या सुटातलं. बारा जणांत त्याच्याबद्दलच आपल्याला सगळ्यात कमी कळतं. कॉबच्या पात्राच्या, म्हणजे तिसऱ्या सदस्याच्या, मुलाचा फोटो शेवटी फाटतो तेव्हा लेखकाने सगळे धागे जरा जास्तच नीट बांधलेत असं वाटतं. त्या प्रसंगाला वाचवतो तो कॉब, आणि त्यानंतरची एक मुकी हालचाल : फोंडा खुंटीवरचा त्याचा कोट काढून आणतो आणि त्याला घालायला मदत करतो.

कायद्याच्या दृष्टीने तर पंचाईतच आहे. फोंडा वस्तीत जाऊन तशीच सुरी विकत आणतो आणि टेबलात खुपसतो. ज्यूरीच्या सदस्याने बाहेरून स्वतः पुरावा आणणं हा सरळ नियमभंग. कळलं असतं तर खटला नव्याने चालवावा लागला असता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी २०१० साली सांगितलं होतं की या चित्रपटाने आपल्याला कायद्याकडे ओढलं, पण खालच्या न्यायालयात असताना आपण ज्यूरीला त्यातल्यासारखं वागू नका म्हणून बजावत असू. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

निकाल

तिकीटबारीवर चित्रपट पडला. तो रंगीत, रुंद पडद्यांचा काळ. घरातल्या दूरचित्रवाणी संचापासून लोकांना उठवायचं तर घरी न दिसणारं काहीतरी दाखवा, असं गणित होतं, आणि इथे दूरचित्रवाणीवरूनच आलेलं कृष्णधवल नाटक, तेही एका खोलीतलं. न्यूयॉर्कमध्ये तो एका अवाढव्य चित्रपटगृहात लावला, लोकांच्या तोंडी पसरायला वेळ मिळण्याआधीच काढला. फोंडाचं पुढे मिळायचं मानधन त्याला मिळालंच नाही. त्याने पुन्हा निर्माता म्हणून चित्रपट केला नाही. तरी या चित्रपटाचा त्याला अखेरपर्यंत अभिमान होता.

बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. ऑस्करची नामांकनं तीन : चित्रपट, दिग्दर्शक, रूपांतरित पटकथा. तिन्ही पुरस्कार 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ने नेले. तो रंगीत होता, सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्याचा होता, आणि त्यात उघड्या आभाळाखालची नदी होती.

ल्युमेटला मात्र रस्ता सापडला. पुढच्या पन्नास वर्षांत त्याने चाळीसहून अधिक चित्रपट केले, बहुतेक न्यूयॉर्कमध्ये. सगळे चांगले नाहीत, काही तर का केले असा प्रश्न पडावा असे. पण प्रत्येक वेळी पद्धत तीच : आधी विचारायचं, हा चित्रपट कशाबद्दल आहे? उत्तर एका वाक्यात आलं की लेन्स, प्रकाश, रंग त्यातून निघतात. 'नेटवर्क' (१९७६) हा दूरचित्रवाणीच्या जगातला चित्रपट होता भ्रष्ट होत जाण्याबद्दल. मग कॅमेराच भ्रष्ट करत नेला : आरंभी साधा, जवळजवळ नैसर्गिक प्रकाश, शेवटी जाहिरातीसारखी चकाकी. 'प्रिन्स ऑफ द सिटी'मध्ये (१९८१) पोलिसांतला फितूर नायक, ज्याच्या जगात काहीच जसं दिसतं तसं नसतं. तिथे २८ ते ४० मिलिमीटरच्या, म्हणजे नेमक्या 'सामान्य' दिसणाऱ्या लेन्स त्याने पूर्ण वर्ज्य केल्या. एक तर फार रुंद, नाही तर फार लांब. शिवाय आभाळ दाखवायचं नाही. ते दिसतं फक्त एकदा, नायक पुलावर मरणाचा विचार करतो तेव्हा. 'डॉग डे आफ्टरनून'मध्ये (१९७५) उलट सगळी शैली पुसायची होती, कारण घटना इतकी विलक्षण की ती खरी घडली यावर विश्वास बसला पाहिजे. तिथे पार्श्वसंगीतच ठेवलं नाही.

तरी अमेरिकी समीक्षक अँड्र्यू सॅरिसने १९६८ साली दिग्दर्शकांची प्रतवारी लावली तेव्हा ल्युमेटला 'ताणून आणलेलं गांभीर्य' अशा अर्थाच्या कप्प्यात टाकलं. त्या काळी दिग्दर्शकाची सही प्रत्येक चौकटीत दिसली पाहिजे असा आग्रह होता. हिचकॉक ओळखता येतो, वेल्स ओळखता येतो. ल्युमेट ओळखता येत नाही, कारण तो दर वेळी वेगळा दिसतो. दिग्दर्शनाची चार ऑस्कर नामांकनं, एकही पुरस्कार नाही; २००५ साली सन्मानार्थ दिलेलं एक. २०११ च्या एप्रिलमध्ये तो न्यूयॉर्कमध्येच गेला, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. '१२ अँग्री मेन' त्याआधी, २००७ साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला होता.

पायऱ्या

कौल झाल्यावर माणसं खोलीतून निघतात. टेबलावर कागदाचे बोळे, सिगारेटची थोटकं. मग न्यायालयाच्या पायऱ्या, फॉली स्क्वेअरचे ते उंच खांब, पाऊस नुकताच थांबलेला, दगड ओले. ल्युमेटने या शॉटला संपूर्ण चित्रपटात वापरली नव्हती इतकी रुंद लेन्स लावली आणि कॅमेरा सगळ्यात उंचावर नेला. दीड तास आवळलेली सगळी हवा इथे एकदम सोडलेली आहे.

म्हातारा नववा सदस्य फोंडाला गाठतो आणि नाव विचारतो. डेव्हिस. मी मॅकार्डल. हात मिळवतात. म्हातारा जरा घुटमळतो, आणखी काही बोलावं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, पण बोलण्यासारखं काही नाही. बरंय, येतो. दोघे दोन दिशांना जातात.